न दुखणारा पाय

नवरदेवाला वरातीत मिरवणारी पांढरी घोडी, हेच आमचं पोट. बाबांचा जीव आमच्यापेक्षा तिच्यात जास्त, हे आई उघड बोलायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. गेल्या हंगामात तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली आणि ती लंगडू लागली. बाबांचं जेवणच सुटलं.

घोड्यांचे डॉक्टर मशीन घेऊन मनीषनगरात आमच्या शेडवर आले. शॉक वेव्ह म्हटल्याबरोबर बाबा बिथरले. "माह्या घोडीले करंट देता का?"

डॉक्टर हसले. करंट नाही, लाटांचे ठोके. त्यांनी आतली शीर भरून यायला मदत होते, म्हणाले. घोडीला गुंगीचं औषध दिलं, पायावरचे केस काढून जेल लावलं आणि मशीन टेकवलं. टकटक, टकटक. जाताना त्यांनी बजावलं, "ह्या ठोक्यांनी काही दिवस पाय दुखणार नाही. तेव्हाच जास्त जपा. शीर अजून कच्ची आहे."

दुसऱ्या दिवशी ती खरंच सरळ चालली. पण आमच्या धंद्यात घोडी बरी झाली हे चालीवरून ठरत नाही, नाचावरून ठरतं. संध्याकाळी समोरच्या लॉनवर वरात आली, ढोल वाजला आणि ती जागच्या जागी थिरकू लागली. बाबांचा चेहरा असा फुलला की मी हातातलं टाकून धावले.

"बाबा, राहू द्या तिले!" मी ओरडले.

"एकच डाव पाहू दे वं," म्हणत त्यांनी दोर सोडला आणि हात वर केला. हात वर गेला की मागच्या पायांवर उभं राहायचं, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. ती उभी राहिली. काय दिसत होती! खाली आली ती त्याच पायावर, आणि कोसळली.

डॉक्टर धावत आले, पण मशीन गाडीतच राहिलं. शीर पार तुटली होती, हाडही मोडलं होतं. आता सुई देऊन तिला यातनांतून सोडवणंच बरं, ते म्हणाले.

"आधी ते ठोके द्या ना," बाबांनी हात जोडले. "लय दुखून राहिलं तिले. मंग सोडवा."

डॉक्टरांनी सुई भरली.

मी रागानं फणफणत होते. बाबांना काय काय सुनावायचं ते मनात तयार होतं. ते तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"मी नुसता हात वर केला वं," ते म्हणाले, "अन् तिनं माह्यं ऐकलं."