गाण्याआधीचं नाव

राजुऱ्यात अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याच माळ्यावर बसून मी मोबाइलची ॲप बनवतो. गोंडपिपरीकडच्या एका गावातली धानाच्या रोवणीची गाणी ॲपमध्ये घालायचं काम मिळालं, तेव्हा मी जरा हवेतच होतो. गावात रेंज नाही, म्हणून गाणी ॲपच्या पोटातच भरून द्यायची होती. बटण दाबलं की वाजली पाहिजेत, नेट असो वा नसो.

गाणारी एकच, सत्तरीतली बाई. तिची एक रीत होती. प्रत्येक गाण्याआधी ती आपल्या मेलेल्या आईचं नाव घ्यायची, मग तिच्या माहेरच्या गावाचं. मग म्हणायची, "हे तिचं हाय, माहं नाई." चौदा गाणी, चौदा वेळा. रेकॉर्डिंग करताना मी वरून मान डोलवत होतो आणि आतून वैतागत होतो.

पुढे ॲप फुगलं. गावातल्या फोनांत जागाच नव्हती, ते त्यांत बसेना. मग मी कापायला बसलो. गाण्याआधीचं सगळं माझ्या लेखी बडबड! एकेका फाइलचं डोकं उडवलं. त्यानं जागा वाचली ती चिमूटभर. खरं काम पुढे आवाजाचा दर्जा उतरवल्यावरच झालं. पण कापलेलं परत जोडायचा मला कंटाळा आला, आणि लॅपटॉप भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं.

ॲप घेऊन मी गावात गेलो आणि बाईच्या नातसुनेच्या फोनमध्ये टाकलं. अंगणात शेजारच्या बायका जमल्या. पहिलं गाणं सुरू झालं तशी बाई खुदकन हसली, आणि लगेच फोनकडे वाकली.

"माह्या मायचं नाव कुठी गेलं?"

तिनं दुसरं लावायला सांगितलं, मग तिसरं.

"काऊन जी भाऊ, मी घेतलंच नाई का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. अब्बांच्या हातून घड्याळाचा काटा मोडला तर ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात. मी त्यांचाच मुलगा, पण इतक्या बायकांसमोर माझी जीभ रेटेना.

"मीच इसरली असन," बाई म्हणाली. "आता ध्यानात नाई राहून राह्यलं काही."

नातसुनेनंही मान डोलावली. मला माझीच किळस आली, तरी मी नुसता फोनकडे बघत राहिलो.

मग बाईनं मला पहिल्यापासून लावायला सांगितलं. प्रत्येक गाण्याआधी ती हात वर करून मला थांबवायची, आईचं नाव घ्यायची, गावाचं घ्यायची, "माफ कर माय, मी इसरली" म्हणायची, आणि मग मला मानेनं खूण करायची. दहाव्या गाण्यापर्यंत तिचा आवाज बसला.

"राहू द्या ना आता," नातसून म्हणाली.

"राहू कशी देऊ व? चुकी माही हाय."

तिनं पुन्हा आईची माफी मागितली आणि माझ्याकडे पाहून मानेनं खूण केली. मी बटण दाबलं.