शहाण्णवचा नवस

तेलंगणातल्या परकालच्या बाजारात माझं गुळाचं दुकान आहे, आणि अर्ध्या गावाचं वजन मला तोंडपाठ आहे. ते मी कुणाला सांगत नाही. बायकोलाही नाही, तिचं स्वतःचंसुद्धा नाही. दोन वर्षांनी एकदा माघात मेडारमची जत्रा येते, तेव्हा दुकानासमोर रांग लागते आणि माणसं एकेक करून माझ्या काट्यावर चढतात. जेवढं अंगाचं वजन तेवढा गूळ सम्मक्काआईला, तिथल्या देवीला. त्या गुळाला गूळ म्हणायचं नाही, बंगारम म्हणायचं, म्हणजे सोनं. लेकरं चढतात, नवरदेव चढतात, मागच्या जत्रेला तर एका शहाण्याने कुत्रा आणून बसवला. कुत्रा काही केल्या बूड टेकेना, काट्यावर आकडे नाचतायत, मागे चाळीस माणसं खोळंबलेली. माझं डोकं असं फिरलं होतं की विचारू नका.

त्या कुत्र्याच्या मागेच स्वरूपा उभी होती. सरकारी शाळेत दुपारचं जेवण शिजवते ती. चढली, आणि आकडा शहाण्णववर थांबला. मी काही बोललो नाही, पण मागच्याने मान लांब करून वाचलाच आणि ओरडला, "शेट, आता दुकानच उचलून न्या मेडारमला!" सगळी रांग खिदळली. सगळ्यात मोठ्याने स्वरूपा हसली. पण मी काट्याशी बसतो, मला माणसांची तोंडं जवळून दिसतात. तिला लागलं होतं.

महिनाभरात तिचा नवरा सदानंदम विजेच्या खांबावरून पडला. कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, चालेल किंवा नाही चालणार, सांगता येत नाही. त्याची आई कनकव्वा तशीच दवाखान्यातून उठून माझ्या दुकानात आली. चप्पलसुद्धा घातली नव्हती म्हातारीने.

"वीरेशम, तू साक्षी रहा. माझा लेक पायावर उभा राहिला तर पुढच्या जत्रेला माझ्या सुनेच्या भारोभार बंगारम देईन. शहाण्णव."

मी म्हटलं, "अव्वा, लेक पडला ना? मग लेकाच्या वजनाचा बोल. सुनेचा कशाला?"

"लेक बावन्न किलो आहे," म्हातारी म्हणाली. "आईला बावन्नावर फसवू? घरात सगळ्यात जड तीच आहे."



सदानंदमला घरी आणलं. आणि मग जे झालं ते स्वरूपाने स्वतः मला सांगितलं, त्याच काट्यावर उभं राहून. एका दुपारी ती त्याला खाटेवरून उचलायला गेली. गुडघ्यांनी दगा दिला. दोघं खाली. त्याला उठता येईना आणि हिलाही. कनकव्वा शेताला गेलेली. शेजारची दूध घेऊन आली तोवर तासभर दोघं नवराबायको जमिनीवर पडून छताकडे बघत होते.

"तो रडत होता, अन्ना," ती म्हणाली. "मला रडू नाही आलं. मला माझाच राग आला. आणखी कुणाचा करणार?"

त्या आठवड्यापासून ती दर गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी यायला लागली. तळ्याच्या बांधावरून दोन फेऱ्या मारून, घामाने भिजलेली. भात बंद केला. सकाळी सासूच्या हातची नाचणीची आंबील, संध्याकाळी जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी. शाळेत दोनशे पोरांचं शिजवायचं, पण चव बघायची ती तळहातावर थेंबभर घेऊन. पदर कमरेला खोचून काट्यावर चढायची, आकडा बघायची, "बरं" म्हणायची आणि जायची. कमी झाला तरी बरं, नाही झाला तरी बरं. पंधरा महिने! माझ्याच्याने पंधरा दिवस झालं नसतं, खोटं कशाला बोलू. मधल्या काळात सदानंदम आधी बसला, मग धरून उभा राहिला, मग काठी टेकत पिठाच्या गिरणीवर कामाला जायला लागला. त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं करणारी तीच.

दसऱ्याच्या गुरुवारी आकडा आला त्रेसष्ट. डॉक्टरने तिला गाठायला सांगितलेला आकडा तोच. मला इतका आनंद झाला की ढेप फोडून मोठा खडा मी तिच्या हातावर ठेवला. तिने तो कागदात गुंडाळला, सदानंदमसाठी.

"झालं ना आता?" मी म्हटलं. "सुटलीस."

पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा दारात!

"आता कशाला गं?"

"उतरणं सोपं होतं, अन्ना. दर आठवड्याला काहीतरी घडत होतं. आता काहीच घडायचं नाही, आणि तरी यायचं."

आणि गाव काय, गावाला तोंड आहे. लठ्ठ होती तेव्हा हसले, आता विचारायला लागले, साखरेचा आजार लपवतेस का, सासू उपाशी ठेवते का. शाळेतल्या मास्तरीण बाई म्हणाल्या, चेहरा उतरला गं, आधीच गोड दिसायचीस. स्वरूपाने ऐकून घेतलं आणि मापाबाहेर गेलेले सगळे ब्लाउज बोहारणीला देऊन टाकले. मी म्हटलं, दोनचार ठेवायचे, वेळ सांगून येत नाही. केवढ्याने खेकसली माझ्यावर! "ठेवले की घालायची वेळ येते."

पण दिवाळीनंतर आकडा चढायला लागला. चौसष्ट. साडेचौसष्ट. सहासष्ट. तिने बांधावरची तिसरी फेरी सुरू केली. भाकरी दीडची एक केली. तरी चढतोच आहे. ती 'बरं' म्हणायची थांबली. एका गुरुवारी सदुसष्ट आला आणि ती काट्यावरून उतरेचना.

"मी रात्री झोपेत उठून खाते का, अन्ना? असं होतं का कुणाला? मी यांना विचारलंसुद्धा, माझ्यावर नजर ठेवा म्हणून. ते म्हणाले, वेडी झालीस का. मला पुन्हा त्या जमिनीवर जायचं नाहीय हो." आणि तेव्हा ती रडली. नवरा पडला तेव्हा न रडलेली बाई माझ्या दुकानात गुळाच्या पोत्याला टेकून रडली.

मला काय बोलावं सुचेना. आणि सुचेना की मी काहीतरी भलतंच बोलतो, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "अगं, ते शेंगदाणे जरा कमी करा घरात. आठवड्याला दोन किलो कोण खातं?"

"कसले शेंगदाणे?"

मी जीभ चावली, पण उपयोग काय. कनकव्वा दर सोमवारी माझ्याकडून दोन किलो शेंगदाणे आणि दोन सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेत होती. मी समजलो चटणीला. शिवाय जाताना हळूच विचारायची, "किती भरली रे माझी सून?" मी सांगायचो नाही. पण विचारते का, हे माझ्या डोक्यात यायला नको?

स्वरूपाने डोळे पुसले. "आंबील," म्हणाली. "मला वाटलं, वीस वर्षांनी आत्तम्माला आंबील जमायला लागली."

ती तशीच घरी गेली आणि सासूला हाताला धरून बाजारातून दुकानात घेऊन आली. माझी पाचावर धारण बसली. कनकव्वाने मला बघितलं आणि कुणी सांगितलं ते ओळखलं.

"चोमड्या," ती मला म्हणाली.

"त्यांना नका बोलू. मला सांगा," स्वरूपा म्हणाली. "शेंगदाणे वाटून घालत होता ना आंबिलीत? दोन महिने मी स्वतःच्या जिवाला शिव्या घातल्या. मला वाटलं, माझ्यातच खोट आहे. का केलंत?"

म्हातारी आधी खवळली. "केलं! करणार! शहाण्णव बोलले होते मी. आईने लेकाचे पाय दिले, आणि मी तिच्यापुढे जाऊन म्हणू, घे त्रेसष्ट? दिलेले पाय परत घेईल ती!" मग ती पोत्यावर बसली. "तो जिन्यावरून उतरताना मी रोज देवाचं नाव घेते गं. तुला नाही कळायचं. तू आई नाहीस त्याची."

"मी उचलत होते त्याला," स्वरूपा म्हणाली. "तुमचं नवसाचं मला पटतं. आईचं देणं आईला मिळालंच पाहिजे. पण माझ्या अंगावर चढवून नाही."

"मग कसं? वरचा गूळ विकत घेऊन टाकू? अंगाने न तोललेला गूळ म्हणजे नुसता गूळ. बंगारम नव्हे ते."

हे मात्र खरं. मीही मान डोलावली. स्वरूपा म्हणाली, "बघू जत्रेला," आणि दुसऱ्या दिवसापासून आंबील स्वतः करायला लागली. संक्रांतीला कनकव्वाने डबाभर सकिनालु तळले, तांदळाच्या पिठाची तिळाची कडी. सगळ्या गल्लीचे डोळे स्वरूपाच्या हाताकडे. तिने एक कडं मोडून खाल्लं, चांगलं चावून खाल्लं, आणि डब्याचं झाकण लावलं. दोघी एका घरात राहत होत्या आणि एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. जत्रा जवळ आली तशी म्हातारी आणखी वाळत चालली. मला वाटलं, काळजीने.

माघात रांग लागली. यंदा कुत्रे दोन होते, मी दोन्ही हाकलले. सदानंदम काठी न घेता आला होता, हे आधी सांगतो. स्वरूपा चढली. पासष्ट.

"दोन अजून जायचेत," ती मला म्हणाली. "जातील."

कनकव्वा हात जोडून उभी होती. तोंड पांढरं पडलेलं. मनात तिचा हिशोब चाललेला, पासष्टावर किती कमी पडले, आणि तिचे डोळे लेकाच्या पायांवर.

स्वरूपा काट्यावरून उतरली नाही. तिने हात पुढे केला. "आत्तम्मा, चढा."

"मी?"

"नवस कुणी बोलला?"

"छे, मी कशी... मी कधी चढले नाही. लेकरांना बसवायचं असतं. म्हाताऱ्या बाईचं बंगारम कोण देतं?"

"मी देते. चढा. तुमचंच अंग आहे ना हे, आईला चालत नाही का?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चढ की अव्वा, उशीर होतोय!" आणि सदानंदमने तिला मागून धरून वर चढवलं. लाकडी फळीवर दोघी सासवासुना, एकमेकींना धरून. आकडा चढला, डगमगला, थांबला.

"अठ्ठ्याण्णव!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं वजन मी असं भर बाजारात ओरडलो. "अव्वा, दोन किलो जास्तच गं!"

म्हातारीने काट्यावरच मेडारमच्या दिशेला डोकं टेकलं. रडते की हसते कळेना. "आई, मोजून घे," म्हणत होती, "मोजून घे गं, कमी नाही दिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सदानंदम तोंड फिरवून उभा राहिला. मीही नाक पुसलं, उगाच.

फक्त स्वरूपा आकड्याकडे बघत होती.

"अन्ना," ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णवातून पासष्ट गेले."

मी मनात वजाबाकी केली.

"तेहतीस?"

तेहतीस. पाचवीतल्या पोरीचं वजन. रोज तीच बसवते तशी दोनशे पोरं पंगतीला, तिला काय सांगायचं. तिने सासूचा हात धरला, मनगट दोन बोटांत मावलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"तुम्ही जेवत नाही?"

"जेवते की."

"खरं सांगा. तोललंय आत्ताच."

"अगं सोड, रांग आहे मागे."

"असू दे रांग. माझ्या वाटीत शेंगदाणे, खोबरं. आणि तुम्ही काय खात होता?"

म्हातारी पदराशी चाळा करायला लागली. मग लहान पोरीसारखी खाली बघून म्हणाली, "तू दीड वर्ष समोर मोजकी भाकरी घेऊन बसायचीस. तुझ्यापुढे भाताचं ताट भरून घेऊन कशी बसू मी? घास खाली उतरायचा नाही. मी आपली पेज प्यायचे. मग तीच सवय झाली."

स्वरूपाने तिचं मनगट सोडलं नाही. सगळं गाव तिला विचारून झालं होतं, काय केलंस, कसं केलंस. हे असंही काही होत होतं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं. मी नुसते आकडे बघत बसलो होतो.

"आज रात्रीपासून," शेवटी ती म्हणाली, आणि आवाज तोच, पंधरा महिने गुरुवारी ऐकलेला, "ताट भरून घ्यायचं. भात, वरण, वर तूप. माझ्या समोर बसून जेवायचं, अगदी समोर."

"अगं, तुझ्या तोंडाला पाणी सुटेल."

"सुटू दे," स्वरूपा म्हणाली.