मावशींच्या डब्यातली मटकी

आमच्या मुलुंडात असं एकही मांजर नसेल, ज्याच्या अंगावरचं टेंगूळ समोरच्या दारातल्या मावशींना ठाऊक नाही. मालकांना नसेल, मावशींना असतंच. हे मी कौतुकानं सांगतेय असं वाटेल, पण खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर गेली नऊ वर्षं जळते आहे.

मावशींनी तीस वर्षं इथल्याच एका कपड्यांच्या कारखान्यात चेकरचं काम केलं. डोळे मिटून कापडावरून हात फिरवायचा आणि धाग्यातली गाठ काढायची. रिटायर झाल्यावर कापड गेलं, हात राहिले. मग जिन्यात बसलेलं, गाडीखाली झोपलेलं, कुणाच्याही घरातलं मांजर त्या मांडीवर घ्यायच्या आणि मानेपासून शेपटीपर्यंत चेक करायच्या. गाठ लागली की किचनमधून डबा यायचा. त्यात मोहरी, मटकी, मूग, चणे. गाठीच्या मापाचा दाणा निवडून त्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेवर चिकटपट्टीनं लावायच्या आणि खाली लिहायच्या, ‘बी विंगची पांढरी, डावी मांडी’. पुढच्या महिन्यात पुन्हा माप. मुगाचा मूगच राहिला तर ठीक, मुगाचा चणा झाला की मालकाच्या दाराची बेल. ‘‘गाठ कसली ते डॉक्टर सुई घालून सांगेल. मी आपली गाठ आहे एवढंच सांगते,’’ असं म्हणायच्या. एकदा एका मांजरीच्या पंजाच्या गादीतून चक्क शिंगासारखं काहीतरी उगवलं होतं. घरचे त्याला वाढलेलं नख समजून नेलकटर घेऊन बसले होते. मावशींनी नेलकटर त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्यांना दवाखान्यात पाठवलं. तेव्हापासून स्टेशनजवळचे जनावरांचे डॉक्टर फोनवर आधी विचारतात, ‘‘मावशी, मूग की चणा?’’ मला त्या डॉक्टरांनी कधी साधं बसाही म्हटलेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण आमचा सदू. हा बोका मी ड्रॉपरनं दूध पाजून वाढवला. मांदेली मी साफ करायची, काटे मी काढायचे, आणि जेवण झालं की साहेब समोरच्या दारात. मावशींच्या मांडीवर असा पसरायचा की बघवत नसे. शेवटी मी ठरवलं, सदूच्या अंगावरची पहिली गाठ मी शोधणार. सापडलीही, पोटावर. एक नाही, चांगल्या सहा. रडत रडत रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, याला स्तन म्हणतात. बोक्यांनाही असतात.’’ घरी आल्यावर हे ऐकून मावशी हसल्या असत्या तर मी भांडून मोकळी झाले असते. त्या म्हणाल्या, ‘‘असू दे गं सुनीता. हात फिरवलास, तेच महत्त्वाचं.’’ माझा नुसता तिळपापड झाला.

यंदा दिवाळीनंतर सदूचे कान खाजवताना बोटाला टणक काहीतरी लागलं. उजव्या कानामागे, मटकीएवढं. आधी दुसऱ्या कानामागे चाचपून पाहिलं, तिथं काही नव्हतं. आणि लगेच, सांगायला लाज वाटते, पण वाटलं, आता बघू. गाठीचं न सांगता सदूला मावशींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, हात फिरवला. बोट कानामागून गेलं. परत आलं, परत गेलं. ‘‘साफ आहे गं,’’ त्या म्हणाल्या.

जिंकले मी. नऊ वर्षांनी. तेवढ्यात नजर डब्याकडे गेली. मूग आणि मटकी एकमेकांत मिसळली होती, शेजारी चष्मा पडला होता. डोळे मिटून दाणे वेगळे करणारी ही बाई. ‘‘शुगरनं बोटं मरून गेलीत,’’ त्या सदूकडे बघत म्हणाल्या. ‘‘चहाचा कपही गरम लागत नाही. कुणाला सांगू नकोस.’’

मी त्यांचं बोट धरून सदूच्या कानामागे नेलं. ‘‘इथं बघा ना मावशी, मला काही कळत नाहीये.’’ त्यांनी बोट तिथं बराच वेळ ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘मटकी?’’ मी म्हटलं, ‘‘मटकीच.’’

डॉक्टरांनी सुई घातली, मग गाठ काढून तपासायला पाठवली. जात चांगली नव्हती, पण लहान होती, सगळी निघाली. ‘‘मावशींनी वेळेत पकडली, नाहीतर अवघड होतं,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘हो ना,’’ मी म्हटलं. जड गेलं, पण म्हटलं.

संध्याकाळी सदूला घेऊन मावशींकडे गेले. कॅलेंडरवर मटकी लावली होती, जरा वाकडीच. खाली अक्षर थरथरलेलं, ‘सदू, उजव्या कानामागे. सुनीताला सापडली.’

आता दर रविवारी हात मी फिरवते आणि मावशी चष्मा लावून दाणा शोधतात. काम झालं की सदू माझ्या हाताखालून निसटतो आणि त्यांच्या मांडीवर जाऊन झोपतो. त्या बधिर बोटांनी त्याला थोपटत राहतात. जळते मी अजूनही. फक्त आता रविवारची वाट बघते.