सरांच्या वहीतली माझी खोटी नोंद

म्हात्रे सरांची आणि माझी पहिली भेट नागावच्या एका होमस्टेच्या फाटकापाशी झाली. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडून मी तिथे पाहुण्यांची नावे रजिस्टरात लिहीत असे. त्या दिवशी मालकांना विचारून दरफलकावरच्या शुद्धलेखनाच्या चुका रंगाने दुरुस्त करत होतो. सर शेजारी इंटरनेटची वायर बघायला आले होते. बराच वेळ मागे उभे राहून ते म्हणाले, "इतकं बारीक बघणारा माणूस मला हवाय. उद्या येतोस?" माझे शिक्षण अर्धवट असल्याचे मी सांगितले. ते त्यांनी नीट ऐकून घेतले आणि उद्या किती वाजता यायचे ते सांगितले.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथात त्यांच्या बंदरातल्या नोकरीबद्दल आणि निवृत्तीनंतर नारळाच्या वाडीतल्या दोन खोल्यांत सुरू केलेल्या सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल जाणकार लिहितीलच. मी त्यांच्या एका शिस्तीबद्दल लिहितो, कारण ती मी मोडली आहे.

आमचे सॉफ्टवेअर आमच्या टेबलावर तयार होत नाही. ते दूरच्या एका भाड्याच्या संगणकावर आपोआप बांधले जाते. बांधणी सुरू होण्याआधी त्या संगणकाला काही गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात: माहिती कोणत्या पत्त्यावर ठेवायची, कोणती किल्ली, म्हणजे पासवर्ड, वापरायची. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. तिथे विचारायला कोणी माणूस नसतो. जे सांगाल ते तो निमूट करतो. म्हणून सरांचा नियम असा, की असा प्रत्येक बदल दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा: नाव, त्यात भरलेली किंमत आणि तो कोणत्या बांधणीला लागू आहे ते. मग वहीत ऐकणाऱ्याचे नाव लिहायचे. ऐकण्याचे काम बहुधा आमच्याबरोबर काम करणाऱ्या सुलभाताईंकडे असे. त्या मला 'मास्तर' म्हणत आणि माझा एखादा काना चुकतो का याची वाट बघत.

मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या एका लाँचमालकांचे तिकिटांचे ॲप आमच्याकडे होते. एका सकाळी त्यांना घाई होती. सुलभाताई फोनवर होत्या. मी लॅपटॉपवर चाचणीच्या माहितीचा पत्ता घातला, अक्षर न् अक्षर मनातल्या मनात तीनदा तपासले आणि वहीत लिहिले: 'ऐकले, सुलभाताई.' पत्ता अचूक होता. पण तो फक्त चाचणीच्या बांधणीला लावायचा, तो मी सगळ्याच बांधण्यांना, लोकांच्या फोनवर जाणाऱ्या बांधणीलाही, लावला होता. मोठ्याने वाचताना ती तिसरी गोष्ट, कोणत्या बांधणीला ते, आलीच असती. मनात मी फक्त अक्षरे बघितली.

नवीन ॲप लोकांच्या फोनवर गेले आणि त्यांची तिकिटे चाचणीच्या यादीत जमा होऊ लागली. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या यादीत ती नावे नव्हती आणि लाँच भरलेली होती. परत पाठवलेल्यांत चौलचे एक आजोबा होते. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची मुंबईतली तारीख हुकली.

लाँचमालक आले तेव्हा सरांनी वही उघडलीच नाही. शेवटची मंजुरी आपली होती, चूक आपली आहे, एवढेच ते म्हणाले. पुढे ते चौलला गेले, आजोबांची माफी मागितली आणि नव्या तारखेला स्वतः त्यांना मुंबईला घेऊन गेले. मी त्या दिवशी कामावर बसून होतो.

सुलभाताईंनी मात्र वही बघितली. दिवसभरात इतके ऐकतो, त्यात हे आपल्या कानांतून निसटले असेल, असे त्यांनी धरले आणि ऐकायला बसणे सोडून दिले. सर त्यांना म्हणाले की चूक तुझी नाही. त्यांना ते सांत्वन वाटले.

त्याच आठवड्यात सरांनी मला वाडीत गाठले. "त्या सकाळी लाईट गेली होती," ते म्हणाले. "पंखासुद्धा बंद होता. मी पलीकडच्याच खोलीत होतो. तू वाचलं असतंस तर मला ऐकू आलं असतं." मी मान खाली घातली. ते म्हणाले, "हे मी तिला सांगणार नाही. ते तुझं काम आहे." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि माझे एकही काम काढून घेतले नाही. रागावले असते तर मी सुटलो असतो.

आठ महिने मी गप्प राहिलो. मग हा लेख मागितला गेला. सरांच्या सचोटीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पुढे हात चालेना. गेल्या शनिवारी सुलभाताईंच्या घरी जाऊन सगळे सांगितले.

त्या मासे साफ करत होत्या. हातातला मासा पुरा साफ केला. मग म्हणाल्या, "आठ महिने मी सोताला बहिरी समजतेय रे. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आले. कानाला काय झाल्यालं न्हाय, म्हणाला." मी माफी मागू लागलो, तर त्यांनी थांबवले. "ती आत्ता न्हाय मिलायची. सरांवर लिवतोस ना? त्यात लिव. माझं नाव घालून लिव."

म्हणून लिहिले. सोमवारपासून त्या पुन्हा ऐकायला बसतात. इतरांना एकदा वाचायला लावतात, मला दोनदा.

सर, आपण निरोगी राहावे, शंभरी पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिच्यात माझा स्वार्थही आहे. आपण माझ्यावर विश्वास आधीच टाकून ठेवला आहे. त्याला लायक व्हायला मला बरीच वर्षे लागतील, आणि तेव्हा आपण समोर असायला हवे आहात.