मोडलेल्या साखरपुड्याचे उखाणे

मला लिहिती त्याने केली, असं आमच्याकडे अजून काही जण म्हणतात. मन मोडलं म्हणून लेखणी चालली, म्हणे. हे श्रेय मी त्याला फुकट देणार नाही. उखाणे मी नववीत असल्यापासून जुळवत होते. सोनईच्या आसपासच्या निम्म्या नवऱ्या मुली उंबऱ्यावर अडवल्या की माझ्याच ओळी म्हणायच्या.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. माझा साखरपुडा झाला. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क होता. एसटी स्टँडवर आम्ही दोनदा चोरून भेटलो आणि तेवढ्यावर मी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला. शंभर पानी वहीत त्याच्या नावाचे चाळीस उखाणे लिहिले. दिवाळी झाली आणि मध्यस्थाच्या तोंडी निरोप आला, की मुलाच्या मनात नाही. एवढंच. कारण सांगायची तसदीही कुणी घेतली नाही. मी चार दिवस धड जेवले नाही, रडून रडून आवाज बसला. आईने समजूत काढली, ती अशी: "गप ऱ्हा आता. दुसरं ठरंस्तवर ते उखाणे-बिखाणे काढू नको. लोक हसत्याल."

वही मी बंबात घालायला निघाले होते, तेवढ्यात चुलतबहीण आली. तिचं लग्न आठ दिवसांवर होतं. तिने वही हातातून ओढूनच घेतली. वाया कशाला घालवतेस, नाव बदलून मला दे की, म्हणाली. असा संताप आला की तिच्या थोबाडीत द्यावी. पण ती तिथेच पेन काढून बसली. त्याचं नाव खोडून तिने आपल्या होणाऱ्या नवऱ्याचं घातलं आणि वाचून दाखवलं. चपखल बसलं. दुसऱ्यातही बसलं, तिसऱ्यातही. मग मीच एकेक ओळ नीट वाचली. त्याची चाल नाही, त्याचं बोलणं नाही. चाळीसांत तो कुठेच नव्हता. कुठलाही राव चालला असता. ओढ होती ती माझी, आणि शब्दही माझेच. दुखायचं काही थांबलं नाही, पण वही मी ठेवून घेतली.

संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. आईबरोबर मी वाण वाटायला मदतीला गेले होते. बायका ओळीने नावं घेत होत्या, त्यातल्या तिघींच्या ओळी माझ्या. माझी पाळी आली तशी घरमालकीण हळूच म्हणाली, "तिला नका विचारू. तिचं मोडलंय." सगळ्यांनी माझ्याकडे अशा काही कीव आलेल्या नजरेने पाहिलं की माझं डोकंच फिरलं. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, मी घेते नाव. कुणाचं गं, एकीने विचारलं. मी उभी राहिले.

"साखरपुडा मोडला, मोडली नाही मान,
माझंच नाव घेते, ऐका देऊन कान."

आणि माझं नाव घेतलं. वडलांच्या नावाशिवाय, आडनावाशिवाय, नुसतं माझं.

आई जमिनीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उद्या गावभर होणार. झालंही. पण त्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. घरमालकिणीची विधवा जाऊ आत चहा करत बसली होती. तिला कुंकू लावायचं नाही, म्हणून ती बाहेर बसायची नाही. हातात गाळणं घेऊन ती दारात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मलाबी एक जुळवून दी. माझ्याच नावाचं."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्याकडे गेले. लहानपणापासून मी तिला काकूच म्हणत आले होते, सगळी आळीच म्हणायची. उखाणा जुळवायच्या आधी मला तिला तिचं नाव विचारावं लागलं.