मामा पिक्चर तपासतात

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतके चावट सिनेमे लावणारा सज्जन माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर लोक शेळ्या पाळतात, प्लॉट विकतात, पंचायत समितीला उभे राहतात. मामांनी घाटनांदूरच्या आमच्या चिमुकल्या मंडळीतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी कोणता पिक्चर बघावा हे ठरवायचं काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांच्या सूचना झाल्या की तिसऱ्या बाकावरून मामा उठायचे, घसा खाकरायचे आणि निकाल द्यायचे. निकाल तीनच असत: कुटुंबासह चालेल, मोठ्यांना चालेल, आणि पाळकांनासुद्धा चालणार न्हाई. एकदा त्यांनी पोरांचा एक कार्टूनपट नापास केला, कारण त्यातला कोल्हा नुसतं जाकीट घालून हिंडत होता. मी म्हटलं, मामा, कोल्हाच तो. तर म्हणाले, "वरती जाकीट घालतंय म्हणजे लाज हाय की त्याला. मग खाली कावून न्हाई?"

तपासणीची त्यांची पद्धत मात्र जगावेगळी होती. दुपारी जेवणं उरकली की मामा टीव्हीसमोर खुर्चीत बसत आणि मामी शेजारी बाजेवर मेथी निवडत. पडद्यावर काही भलतंसलतं सुरू होतंय असा वास आला की मामा डोळे गच्च मिटून घेत. बघितलं तर पाप, आणि न बघता निकाल दिला तर तेही पाप, असा पेच होता. तो मामींच्या डोळ्यांनी सुटायचा. "संपलं का?" मामा विचारत. "थांबा अजून," मामी म्हणत, आणि तोंडात पदर कोंबून गदागदा हसत. मामा डोळे उघडेपर्यंत नायिकेचं लग्न लागून बारसंसुद्धा झालेलं असे. आम्ही पोरासोरांनी या प्रकाराची इतकी टिंगल केली, पण मामा बधले नाहीत.

मामी ईस्टरच्या आधी गेल्या. तिसऱ्या बाकावरून कुणी उठेनासं झालं आणि कुणी विचारलंही नाही, हे मला फार लागलं. विचारणार तरी कोण? मंडळीतली तरुण मुलं पुण्याला गेली. राहिलेली कानात इअरफोनची बोंडं घालून, फोनवर, आपापल्या कोपऱ्यात हवं ते बघतात. एका घरातली चार माणसं एका पडद्यासमोर बसायचे दिवसच गेले, तिथे कुटुंबाला काय चालेल हे सांगणाऱ्याला कोण पुसतो? मामा दिवसभर ओट्यावर बसून राहत. टीव्हीवर धूळ साचली होती.

अशात पुण्याहून त्यांच्या लेकीचा फोन आला. नाताळाला सगळे येतोय, म्हणाली, एक पिक्चर आलाय, लोक हसून हसून मरतायत, सगळे मिळून बघू. "जरा चावट आहे, पप्पा. तुम्ही आधी बघून सांगा." मामांच्या अंगात जीव आला. दाढी केली, टीव्ही पुसला आणि मला अंबाजोगाईला फोन लावला. "जावईबापू, यावं लागंल. डोळे पाहिजेत."

गेलो. बाजेवर, मामींच्या जागी बसलो. पिक्चर सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला एक गृहस्थ नुसत्या टॉवेलवर हॉटेलच्या खोलीबाहेर आले, दार बंद झालं आणि टॉवेल दारात अडकला. मामांनी डोळे मिटले. "संपलं का?" "नाही, मामा." संपणार कसं? तो पिक्चर तेवढ्यासाठीच काढला होता. मला हसू आवरेना, पण बायकोच्या मामासमोर असल्या गोष्टीला हसायचं कसं? दातावर दात रोवून बसलो.

बऱ्याच वेळानं मामा डोळे मिटूनच म्हणाले, "जावईबापू, तुमी हसंना गेलात."

"तुमच्यासमोर कसा हसू?"

"मग मला निकाल कसा कळायचा?"

मला काही उमगेना. मामा सावकाश सांगू लागले. "कधी संपलं ते आवाजावरून कळतंय की. पण मी बघत असलो की तुमची मामी लाजायची, हसायची न्हाई. डोळे मिटले की लई हसायची. ती जेवढी जास्त हसली तेवढा पिक्चर वाईट. आसा निकाल द्यायचो मी."

मग त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर नको ते चाललं होतं, आणि मामा त्याच्याकडे सरळ बघत होते. त्यांना त्यातलं काही दिसत असेल असं मला वाटलं नाही. मी टीव्ही बंद केला.

दोन दिवसांनी लेकीचा पुन्हा फोन आला. तिच्या नवऱ्याची सुट्टी नामंजूर झाली होती, नाताळानंतर बघू म्हणाली. "बरं हाय. आधी कामाचं बघा," एवढंच मामा बोलले. मला वाटलं, संपलं आता सगळं.

पण त्या रविवारी सूचना झाल्यावर मामा उठले. घसा खाकरला. पिक्चरचं नाव घेतलं. त्या टॉवेलवाल्याची कीर्ती आधीच सगळ्यांच्या फोनवर पोचलेली, त्यामुळे पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"हा पिक्चर कुटुंबासह बघण्यासारखा न्हाई," मामा म्हणाले. "आन् एकट्यानं तर अजिबातच बघू नका."

ते खाली बसले. बायकांच्या बाजूला कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसलं. कोण ते मामांनी वळून बघितलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि शेवटचं गीत सुरू होईपर्यंत तसेच बसून राहिले.