ताळा न जुळलेली सीडी

फुकट मिळालेली वस्तू मी आधी उलटीपालटी करून बघतो. कोणी पेढा पुढे केला, तरी कशाबद्दल हे विचारल्याशिवाय तोंडात टाकत नाही. हा स्वभाव मला आक्काने दिला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. आक्का माझी मोठी बहीण. कसबा पेठेतल्या एका शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं. उत्तर आलं की ताळा करायचा, म्हणजे उलट्या बाजूने जाऊन ते बरोबर आहे का बघायचं, हे तिने वर्गातल्या मुलांच्या आधी मला शिकवलं. तिच्या नियमाला दुसरा अर्धा भागही होता. तो मी सोयीस्करपणे विसरलो.

कोथरूडच्या माझ्या फ्लॅटमध्ये एक जुनं युनिक्स वर्कस्टेशन आहे, म्हणजे साध्या संगणकाहून वेगळ्या बनावटीचं यंत्र. नोकरीत मी त्याच्यावर यंत्रभागांची ड्रॉइंग्ज काढायचो. कंपनीने ते भंगारात काढलं, तेव्हा मी घरी घेऊन आलो. सोसायटीतल्या लोकांना तो जुना स्टॅबिलायझर वाटतो. निवृत्त झाल्यावर आक्का दर शनिवारी माझ्याकडे येऊन त्याच्यावर तोंडी गणितांचं पुस्तक टाइप करायची. मराठी लिहायचा तो प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालतो. लॅपटॉपवर तीच फाइल उघडली की पानभर प्रश्नचिन्हं दिसतात. पुस्तक पूर्ण झालं आणि 'छापू सावकाश' म्हणत आमच्या दोघांच्याही आळसामुळे तसंच राहिलं. दरम्यान यंत्राची एक डिस्क बंद पडली. पुस्तक दुसऱ्या डिस्कवर होतं म्हणून वाचलं, पण पानं छापण्याजोगी करून देणारे दोन-तीन छोटे प्रोग्रॅम गेले.

यंदा आषाढात डॉक्टरांनी आक्काला सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे आणि वाचता येईल ते आणखी काही महिनेच. आक्काने रडारड केली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "ते पुस्तक छापून आण. एकदा माझ्या डोळ्यांनी सगळी उत्तरं तपासते. चुकीच्या उत्तरांचं पुस्तक मागे ठेवून जायचं नाही मला."

मी त्याच आठवड्यात शोधाला लागलो. जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांचा एक ई-मेल गट आहे, तिथे विचारलं. दुसऱ्याच दिवशी वारज्यातल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. त्यांच्याकडे नेमक्या माझ्या यंत्रासाठी तयार केलेले साठेक प्रोग्रॅम होते आणि मला हवे असलेले सगळे त्यांत होते. दुसऱ्या दिवशी उत्तर, तेही नेमकं? मला तिथेच खटकलं.

तरी गेलो. त्यांच्या वडिलांची शेती होती तिथे आता बारा मजली इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर यांची खोली. खोलीत माझ्यासारखी पाच यंत्रं, धूळ पुसलेली. पूर्वी ते असली यंत्रं दुरुस्त करत फिरायचे. त्यांनी सीडी दिली आणि सोबत एक छापील कागद. प्रत्येक फाइलचा ताळा त्याच्यावर होता. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हा बत्तीस अक्षरांचा ताळा बदलतो, त्यामुळे मध्ये कोणी लुडबुड केली असेल तर लगेच कळतं. किती द्यायचे, असं मी विचारलं.

"पैसं कशाला? पडूनच हाय ते," ते म्हणाले. "फकस्त तपासून घ्या."

ज्याच्या जमिनीवर बारा मजले उभे राहिले तो माणूस फुकट का देईल, याचा मी घरी पोचेपर्यंत विचार करत होतो. त्यांच्या बोलण्यातल्या 'हाय'चाही त्या विचारात वाटा होता, हे आज कबूल करायला लाज वाटते.

ताळा काढायचा प्रोग्रॅम मी कोणाकडून घेतला नाही. मूळ कोड आणून त्या यंत्रावर स्वतः तयार केला. दुसऱ्याच्या मापाने मोजेन तो मी कसला. सीडी घातली आणि पहिली फाइल तपासली. ताळा जुळला नाही. दुसरीचा नाही, तिसरीचा नाही. साठांपैकी एकही जुळेना. मला धक्का बसायला हवा होता, पण खरं सांगतो, समाधान वाटलं. मी गटावर लिहिलं: "वारजे येथील संग्रहातील एकही फाइल तिच्या ताळ्याशी जुळत नाही. वापरणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे." दोन दिवसांत लोकांनी त्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. त्यांनी एका ओळीत, 'माझ्याकडं तर जुळतंय,' असं उत्तर दिलं आणि सगळ्यांसाठी खुला ठेवलेला संग्रह काढून टाकला. दोषी होता म्हणूनच काढला, असं मी आक्काला सांगितलं.

मग मी इंटरनेटवर इतरत्र शोधत बसलो. गणपती आले, गेले. एका परदेशी विद्यापीठाच्या जुन्या साठ्यात एक प्रोग्रॅम सापडला, त्याचा ताळा जुळला नाही. एका निवृत्त प्राध्यापकाने दुसरा पाठवला, तोही बनावट. नवरात्र संपेपर्यंत सगळं जगच लबाड निघालं होतं आणि मला त्याचं जराही नवल वाटत नव्हतं. आक्का दर शनिवारी फोन करून विचारायची. मी तिला सावधपणाचं महत्त्व सांगायचो.

भाऊबीजेला ती आली, तेव्हा ओवाळताना तिचं बोट माझ्या कपाळाऐवजी भुवईवर टेकलं. जेवणानंतर मी तिला सगळी हकिगत पुन्हा ऐकवली, कोणाकोणाचे ताळे जुळले नाहीत ते.

"एकाचाही जुळला नाही?" तिने विचारलं.

"एकाचाही नाही."

"मग ज्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, असं एखादं गणित तुझ्या ताळ्याला घालून पाहिलंस का? वर्गात काय सांगायचे मी? ताळा जुळला नाही तर आधी ताळा तपासा."

असं गणित होतं. रिकाम्या फाइलचा ताळा जगभर एकच येतो आणि तो माझ्या प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकातच छापलेला होता. मी तिच्यासमोर रिकामी फाइल तपासली. ताळा चुकला. साध्या संगणकापेक्षा हे यंत्र आकड्यांचे तुकडे उलट्या क्रमाने ठेवतं, आपण सदतीस लिहावेत आणि त्याने त्र्याहत्तर वाचावेत तसं. प्रोग्रॅम तयार करतानाच त्याला हे सांगावं लागतं. माहितीपत्रकात त्याची एक ओळ होती आणि मी ती वाचली नव्हती. वारज्याच्या माणसाचे साठच्या साठ ताळे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मी वारज्याला गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा सांगितला. मी गटावरही जाहीर लिहितो म्हणालो, तर म्हणाले, लिहा की. मग कपात बघत बोलले, "माझंबी पयल्यांदा असंच झालं हुतं. तुमी एक फोन केला आसता, तर मिनिटात सांगितलं आसतं."

ते एक मिनिट मी आषाढापासून दिवाळीपर्यंत वाचवत होतो. सीडी माझ्याकडे होतीच. एका दुपारी सगळी पानं छापून झाली.

गठ्ठा घेऊन मी कसब्यात आक्काकडे गेलो. तिने पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, मान तिरकी करून बघितलं, दिव्याखाली धरलं. मग खाली ठेवलं. "कडा दिसतात रे," ती म्हणाली, "मधलं काही नाही." मला तिच्याकडे बघवेना. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

"तू गणित वाच," ती म्हणाली. "मी उत्तर सांगते. छापलेल्याशी जुळतं का बघ."

मी वाचू लागलो. ती माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसली होती आणि उत्तरं पटापट सांगत होती. जन्मभर कोणाच्या शब्दावर उत्तर बरोबर न धरणारी आक्का आता मी 'जुळलं' म्हटलं की पुढे जात होती. अकराव्या गणिताला तिचं उत्तर वेगळं आलं. दिवाळीपर्यंत थांबायला लावल्यावर आता तिला चूक कुठल्या तोंडाने दाखवायची? 'जुळलं' म्हणून टाकावं असं वाटलं. पण मी "नाही जुळलं" म्हणालो.

"माझं चुकलं असेल, नाहीतर पुस्तकाचं," ती शांतपणे म्हणाली. "पण आधी तू नीट वाच."

मी पान पुन्हा पाहिलं. माझीच एक ओळ सुटली होती.